हंगाम चालू असताना सर्व्हरचं अपडेट

उबुंटूवर चालणारा सर्व्हर कोणी काही न सांगता रोज सकाळी सहा ते सातच्या दरम्यान स्वतःची सुरक्षा अपडेट बसवायला घेतो. सहाची वेळ मूळ सेटिंगमध्येच असते. जगभरचे सर्व्हर एकाच क्षणी कामाला लागू नयेत म्हणून तीत पुढे तासाभराचा वाव ठेवलेला असतो. ज्यांनी ही वेळ ठरवली त्यांच्या डोळ्यांसमोर दहाला उघडणारं ऑफिस असावं. बारामती-इंदापुरात मात्र सहा ते सात ही दुधाची वेळ. संकलन केंद्रावर कॅन घेऊन माणसं उभी असतात. लिटर, फॅट, एसएनएफ पाहून पावती निघते आणि त्याच आकड्यांवर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. केंद्रांचा डेटा जिथे जमा होतो तो सर्व्हर उबुंटूवर असेल आणि डेटाबेसची सेवा याच वेळी मिनिटभर बंद होऊन पुन्हा सुरू झाली, तर केंद्रावरचा ऑपरेटर काय करणार? स्क्रीन अडकली म्हणून मशीन बंद करून चालू करणार. अपडेटपेक्षा नुकसान त्यानंच जास्त होतं.

उपाय सोपा आहे, पण त्यात एक खाच आहे. 'एपीटी-डेली-अपग्रेड' नावाच्या टायमरची फाइल थेट बदलू नका, पुढच्या अपडेटमध्ये तुमचा बदल पुसला जाईल. 'सिस्टमसीटीएल एडिट' वापरून त्यावर स्वतःची भर घाला. या भरीत आधी 'ऑनकॅलेंडर'ची एक रिकामी ओळ द्यावी लागते आणि त्याखाली नवी वेळ. रिकामी ओळ विसरलात तर जुनी वेळ जात नाही. सहाला एकदा आणि तुम्ही दिलेल्या वेळेला एकदा, असं काम दोनदा सुरू होतं. शिवाय हा टायमर चुकलेली वेळ लक्षात ठेवतो. रात्री मशीन बंद ठेवून पहाटे चालू करणाऱ्या ठिकाणी रात्री दोनची वेळ दिली, तर पहाटे मशीन उठताच राहिलेलं काम सुरू होतं. अशा ठिकाणी रात्रीपेक्षा दुपारची वेळ बरी.

(या लेखात कमांड आणि स्विच आपण फोनवर सांगतो तसे उच्चारानं लिहिले आहेत. टाइप करताना अचूक स्पेलिंग त्या-त्या कंपनीच्या दस्तऐवजातून घ्या.)

दोन्ही तालुक्यांत सर्व्हर सांभाळणारी बरीच माणसं एकटी आहेत. कारखान्याच्या संगणक विभागात दोघे-तिघे, पतसंस्थेत एक, दूध संघात एक, कॉलेजात लॅब सांभाळून उरलेल्या वेळात एक. हा लेख त्यांच्यासाठी. सायलेंट, म्हणजे कोणीही समोर न बसता होणारं इन्स्टॉलेशन ही मोठ्या शहरातल्या मोठ्या कंपन्यांची चैन आहे असं त्यांच्यातल्या अनेकांना वाटतं. माझं मत नेमकं उलटं आहे. हाताखाली दहा माणसं असतील तर रात्री एकाला बसवता येतं. एकट्या माणसाला इन्स्टॉलर विचारणार असलेल्या प्रश्नांची उत्तरं दिवसाउजेडी लिहून ठेवण्यावाचून गत्यंतर नाही.

हंगाम संपेपर्यंत थांबण्याची सवय

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. साखर कारखान्यांच्या या पट्ट्यात देखभालीचं वेळापत्रक पिढ्यान्पिढ्या ठरलेलं आहे. दसरा-दिवाळीच्या आसपास बॉयलर पेटतो, मोळी पडते, आणि मग मार्च-एप्रिलपर्यंत गाळप. यंत्रं उघडायची ती पट्टा पडल्यावर, ऑफ-सीझनमध्ये. मिलच्या रोलरसाठी हे शहाणपणाचं आहे. कारखान्याचा सर्व्हरही याच शिस्तीत बसवला जातो: "चालू हंगामात हात लावायचा नाही, एप्रिलनंतर बघू." भीतीही समजण्यासारखी आहे. भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, त्यावरून निघणारं पंधरवड्याचं बिल, सगळं त्या एका मशीनमधून जातं. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे एफआरपीची, म्हणजे उसाच्या रास्त व किफायतशीर दराची, रक्कम १४ दिवसांत द्यायची असते, म्हणजे आकडे उशिरा जुळवून चालत नाही.

पण रोलर झिजायला महिने लागतात. सर्व्हरमधली त्रुटी जाहीर झाली की तिचा वापर करणारे काही आठवड्यांत तयार होतात. 'वॉनाक्राय' या खंडणीखोर व्हायरसनं १२ मे २०१७ रोजी जगभर धुमाकूळ घातला. ती त्रुटी बुजवणारं अपडेट मायक्रोसॉफ्टनं १४ मार्चलाच दिलं होतं, दोन महिनेही झाले नव्हते. २७ जूनला 'नॉटपेट्या' आला. त्याच्या पसरण्याच्या मार्गांपैकी एक हीच त्रुटी होती, आणि त्या हल्ल्यात उरणजवळच्या जेएनपीटी बंदरातलं मर्स्क समूहाचं टर्मिनल ठप्प झालं. मार्चचं अपडेट हंगामाच्या धावपळीत 'पुढे बघू' म्हणून बाजूला पडणं आपल्याकडे किती सहज घडतं, ते वेगळं सांगायला नको.

पतसंस्था आणि सहकारी बँकांसाठी अलीकडचं उदाहरण जास्त जवळचं आहे. ३१ जुलै २०२४ रोजी यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयनं सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवा पुरवणाऱ्या कंपनीला पेमेंट यंत्रणेपासून तात्पुरतं तोडलं. सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार तिच्यामार्फत चालत. सुमारे ३०० लहान बँकांच्या ग्राहकांचं यूपीआय त्यामुळे अडलं. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार हल्लेखोर आत शिरले ते एका संलग्न कंपनीच्या 'जेनकिन्स' सर्व्हरमधून. ज्या त्रुटीचा वापर झाला तिचं अपडेट जानेवारी २०२४ मध्येच आलेलं होतं.

वेळ कशी काढायची

"रात्री दोन वाजता" हे उत्तर सगळे देतात. पतसंस्थेसाठी ते बरोबर आहे: पिग्मीचे पैसे संध्याकाळी जमा होतात, दिवसअखेर होते, बॅकअप होतो, मग सकाळपर्यंत कोणी नसतं. कारखान्यात मात्र हंगामात चार-बारा, बारा-आठ, आठ-चार अशा पाळ्या चोवीस तास चालतात. दिवसभर तोडलेला ऊस घेऊन ट्रॅक्टर आणि ट्रक संध्याकाळनंतर लागतात, तेव्हा रात्री केनयार्ड रिकामं असेलच असं नाही. अंदाज बांधू नका. मागच्या हंगामाची सगळी वजनं तुमच्याच डेटाबेसमध्ये वेळेसकट आहेत. तासाप्रमाणे आकडा काढा, सगळ्यात कमी गाड्या कोणत्या दोन तासांत काट्यावर येतात ते दिसेल. क्लिनिंगसाठी गाळप थांबतं तेव्हा तर आयतीच संधी असते. चीफ केमिस्टकडून तारीख आधी मागून घ्या.

मायक्रोसॉफ्टची मासिक अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे त्या वेळी रात्र असते. म्हणजे बुधवारी फाइल हातात. त्या आठवड्यात चाचणी आणि पुढच्या आठवड्यात खरं काम, असा क्रम धरला तर वर्षभराच्या तारखा आत्ताच कॅलेंडरवर लिहिता येतात.

त्या कॅलेंडरवर फुल्याही मारा. मार्चचा शेवटचा आठवडा पतसंस्थेसाठी वर्ज्य. एप्रिल-मे महिन्यांत वळवाचा पाऊस दुपारनंतर येतो आणि तारा तुटतात, म्हणून त्या दिवसांत संध्याकाळचा मुहूर्त नको. एरवीही यूपीएसची बॅटरी अपडेटचा पूर्ण वेळ आणि वर अर्धा तास टिकते का, हे आधी लोडसकट पाहा. बॅटरीवर लिहिलेल्या आकड्यावर विसंबू नका. आषाढवारीत तुकोबांची पालखी बारामतीहून सणसर, बेलवाडी, निमगाव केतकी करत इंदापूरकडे जाते, तेव्हा रस्ता वारकऱ्यांचा असतो. बारामतीत बसून इंदापूरच्या शाखेतला सर्व्हर अपडेट केला आणि तो उठलाच नाही, तर त्या दिवशी तिथे पोचणं अवघड आहे. हा विनोद नाही. दुरून केलेल्या प्रत्येक अपडेटमागे 'गरज पडली तर तिथे कोण, किती वेळात पोचेल' याचं उत्तर असायलाच हवं.

इन्स्टॉलरला गप्प कसं करायचं

विंडोजवर तीन प्रकारच्या फाइल वारंवार भेटतात. विंडोजचं स्वतःचं अपडेट 'एमएसयू' फाइलमध्ये येतं. ते 'वूसा' प्रोग्रामनं 'क्वाएट' आणि 'नो-रीस्टार्ट' हे दोन स्विच देऊन बसवायचं. बाकीच्या सॉफ्टवेअरचे पॅच 'एमएसपी' असतात. त्यासाठी 'एमएसआयएक्झेक', स्लॅश पी, स्लॅश क्यूएन, नो-रीस्टार्ट, आणि सविस्तर लॉगसाठी स्लॅश एल, स्टार, व्ही. तिसरा प्रकार साध्या 'ईएक्सई'चा. त्यात एकवाक्यता नाही, प्रत्येकाचे स्विच वेगळे, म्हणून चाचणीच्या मशीनवर स्लॅश प्रश्नचिन्ह देऊन काय मदत दिसते ते पाहावं.

'नो-रीस्टार्ट' कधीही गाळू नका. समोर माणूस असेल तर इन्स्टॉलर विचारतो, गप्प केलेला इन्स्टॉलर विचारत नाही आणि गरज वाटली की मशीन सरळ रीस्टार्ट करतो. काट्यावर गाडी चढलेली असो वा नसो. रीस्टार्ट हे वेगळं काम धरा आणि त्याला वेगळी वेळ द्या.

हे सगळं बॅच फाइलमध्ये लिहून टास्क शेड्युलरला दिलं की काम झालं असं वाटतं, आणि इथेच बहुतेकांची पहिली फजिती होते. डेस्कटॉपवर स्वतः चालवलेली स्क्रिप्ट चालते. शेड्युलरनं रात्री चालवलेली सकाळपर्यंत 'रनिंग'च दिसते. कारण असं की 'सिस्टम' खात्याखाली चालणाऱ्या टास्कला स्क्रीन नसते. इन्स्टॉलरनं एखादा प्रश्न विचारलाच, तर त्याची खिडकी कोणालाही न दिसणाऱ्या जागी उघडते आणि उत्तराची वाट पाहत बसते. म्हणून चाचणीसुद्धा शेड्युलरमधूनच करा, माउसनं डबल क्लिक करून नाही. टास्कला कमाल वेळेची मर्यादा घाला, आणि अपडेटची फाइल त्याच मशीनच्या डिस्कवर आधी कॉपी करा. तुम्हाला दिसणारा 'झेड' ड्राइव्ह 'सिस्टम' खात्याला दिसत नाही. दुसऱ्या गावच्या मशीनवर पॉवरशेल रिमोटिंगमधून 'वूसा' चालवलं तर ते परवानगी नाकारतं. तिथेही मार्ग हाच: फाइल कॉपी करा, त्या मशीनवर टास्क तयार करा, टास्क चालवा.

पॉवरशेलमध्ये लिहिणाऱ्यांनी इन्स्टॉलर 'स्टार्ट-प्रोसेस'नं चालवावा आणि त्याला 'वेट' व 'पासथ्रू' द्यावेत. नाहीतर स्क्रिप्ट इन्स्टॉलर संपायची वाट न पाहता पुढच्या ओळीवर जाते, आणि लॉगमध्ये एका सेकंदात 'पूर्ण' अशी नोंद पडते.

इन्स्टॉलर संपताना एक आकडा मागे ठेवतो. सगळ्या खटाटोपात हा आकडा सर्वांत मोलाचा, पण तो पाहतं कोण! ० म्हणजे झालं. ३०१० म्हणजे झालं, पण रीस्टार्ट बाकी. हे अपयश नाही, तरी कित्येक तयार स्क्रिप्ट शून्य नसलेल्या प्रत्येक आकड्याला चूक समजतात आणि तेच अपडेट पुन्हा पुन्हा बसवत राहतात. १६४१ म्हणजे रीस्टार्ट सुरूही झाला. नो-रीस्टार्ट दिलेलं असताना हा दिसला तर स्विच कुठेतरी चुकलाय. १६१८ म्हणजे त्याच वेळी दुसरं इन्स्टॉलेशन चालू होतं. दहा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करणारी ओळ स्क्रिप्टमध्ये घाला. १६०३ दिसला की खरी अडचण आहे. लॉग उघडा, त्यात 'रिटर्न व्हॅल्यू ३' हे शब्द शोधा आणि त्यांच्या वरच्या ओळी वाचा. तो आकडा, मशीनचं नाव आणि वेळ एका फाइलमध्ये जाईल आणि सकाळी तुमच्या मेलवर येईल, एवढं तरी प्रत्येक स्क्रिप्टनं करावं.

एसक्यूएल सर्व्हरचं थोडं वेगळं आहे, आणि आपल्याकडची बरीच हिशेबाची सॉफ्टवेअर त्यावर चालतात म्हणून थांबून सांगतो. २०१७च्या आवृत्तीपासून सर्व्हिस पॅक बंद झाले. आता क्युम्युलेटिव्ह अपडेट येतात किंवा फक्त सुरक्षेपुरतं 'जीडीआर' येतं. कोणत्या वाटेनं जायचं ते आधी ठरवा. क्युम्युलेटिव्ह बसवल्यावर जीडीआरकडे परतायचं तर ते काढावं लागतं. नवीन सुधारणांची गरज नसलेल्या पतसंस्थेनं जीडीआरवर राहिलेलं बरं, असं मला वाटतं. बसवताना स्लॅश क्वाएट, 'अ‍ॅक्शन'ची किंमत 'पॅच', इन्स्टन्सचं नाव किंवा 'ऑल-इन्स्टन्सेस', आणि परवाना मान्य असल्याचा लांबलचक स्विच हे सगळं लागतं. परवान्याचा स्विच राहिला तर गप्प इन्स्टॉलर गप्पच परत फिरतो. निकाल 'सेटअप बूटस्ट्रॅप' फोल्डरमधल्या 'लॉग'च्या आत 'समरी' फाइलमध्ये मिळतो.

पॅच बसल्यानंतर डेटाबेस पहिल्यांदा उठतो तेव्हा काही मिनिटं कोणालाही आत घेत नाही. १८४०१ क्रमांकाची चूक दिसते, म्हणजे आतल्या स्क्रिप्ट चालू आहेत. याच क्षणी घाबरून सेवा बंद करणारे लोक चांगला चाललेला पॅच बिघडवून ठेवतात. चहा घ्या.

लिनक्सवर 'एपीटी-गेट'ला हायफन वाय दिलं की प्रश्न संपतात हा गैरसमज आहे. कॉन्फिगरेशन फाइल तुम्ही बदललेली असेल तर 'डीपीकेजी' विचारतो, जुनी ठेवू की नवी घेऊ? म्हणून 'डेबियन फ्रंटएंड' नॉन-इंटरॅक्टिव्ह करा आणि 'फोर्स-कॉन्फ-ओल्ड' द्या, जुनी फाइल राहील. 'अनअटेंडेड-अपग्रेड्स' वापरत असाल तर डेटाबेसचं पॅकेज त्याच्या वगळायच्या यादीत टाका आणि ते हातानं, ठरवून करा. अल्मा किंवा रॉकी वापरणाऱ्यांसाठी 'डीएनएफ-ऑटोमॅटिक' आहे. त्यात 'अप्लाय-अपडेट्स' मुळात 'नो' असतं हे विसरू नका, ते नुसतं डाउनलोड करून थांबेल.

आधी एक, मग बाकीचे

१९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष फाइलमुळे जगभरातली सुमारे ८५ लाख विंडोज मशीन निळ्या पडद्यावर जाऊन पडली. आपल्या विमानतळांवर बोर्डिंग पास हातानं लिहून दिले गेले. "बघा, म्हणूनच आम्ही अपडेट करत नाही," असं तेव्हा बऱ्याच जणांनी म्हटलं. त्यातून घ्यायचा बोध दुसरा आहे: एकाच वेळी सगळीकडे बसवू नका. भिगवण, वालचंदनगर, बावडा, सुपे, पणदरे अशा शाखा असतील तर ज्या शाखेचा मॅनेजर सकाळी लवकर येतो आणि फोन उचलतो ती पहिली. तिथे दोन दिवस नीट गेले की पुढच्या. फाइल मुख्य कार्यालयात एकदाच उतरवा आणि रात्री हळूहळू शाखांना पाठवून ठेवा. अपडेटच्या तासात डाउनलोड चालू असणं म्हणजे वेळेचा सगळा हिशेब इंटरनेटच्या हाती देणं.

बॅकअपबद्दल थोडक्यात: दुसऱ्या मशीनवर घेतलेला आणि तिथे प्रत्यक्ष रिस्टोअर करून उघडून पाहिलेला बॅकअप, तोच बॅकअप. व्हर्च्युअल मशीनचा स्नॅपशॉट सोबतीला ठेवा, त्याच्या जागी नको. आणि काम झाल्यावर काही दिवसांत काढून टाका, नाहीतर डिस्क भरते.

सॉफ्टवेअर पुरवणारा कधीकधी सांगतो की विंडोज अपडेट करू नका, आमचा प्रोग्राम चालणार नाही. त्याला ते लेखी द्यायला सांगा, कोणतं अपडेट, कोणत्या कारणानं, आणि दुरुस्ती कधी. लेखी मागितल्यावर बहुतेक वेळा उत्तर मऊ होतं.

सकाळी 'सेवा चालू आहे' असं हिरवं चिन्ह पाहून थांबू नका. काट्यावर एक रिकामी गाडी उभी करून वजन घ्या, स्लिप छापा. काट्याचा इंडिकेटर बहुधा सिरीयल पोर्टनं जोडलेला असतो, मध्ये यूएसबी कन्व्हर्टर असतो, आणि रीस्टार्टनंतर पोर्टचा नंबर बदलल्याचं गाडी उभी राहिल्याशिवाय कळत नाही. पतसंस्थेत एक पासबुक छापून पाहा. लॉग जपून ठेवा. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२च्या निर्देशांनुसार नोंदी १८० दिवस ठेवायच्या आहेत आणि हल्ल्याची घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची आहे.

आणखी एक गोष्ट तपासा: तुमच्या मशीनला अपडेट येतात तरी का? विंडोज सर्व्हर २०१२ आर२ची नेहमीची अपडेट १० ऑक्टोबर २०२३ला थांबली, सेंटओएस ७ची ३० जून २०२४ला, एसक्यूएल सर्व्हर २०१४ची ९ जुलै २०२४ला. एसक्यूएल सर्व्हर २०१६च्या नियमित आधाराची शेवटची तारीख १४ जुलै २०२६. अशा मशीनवर तुमची स्क्रिप्ट दर महिन्याला निमूट चालेल, बसवण्यासारखं काही नाही म्हणून शून्य लिहील आणि मेलमध्ये सगळं ठीक दिसेल. आवृत्ती बदलणं हे दोन तासांत उरकणारं काम नाही. त्यासाठी ऑफ-सीझनच लागतो, आणि त्याचा खर्च गाळप चालू असतानाच संचालक मंडळापुढे ठेवावा लागतो.